गॅपकाकांचा आहेर

आमच्या लग्नात आलेल्या आहेरांची आज विचारपूस केली तर मिक्सर जळला आहे, भिंतीवरचं घड्याळ बंद आहे आणि डिनर सेटमधल्या वाट्या हळूहळू करत वैशाखऱ्याला माहेरी, आईच्या मांडणीवर जाऊन बसल्या आहेत. एकच आहेर अजून जागच्या जागी आहे. तो काय आहे, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला मला समजावत बसावं लागतं. लाकडी फळीवर बसवलेले वीतभर लांबीचे दोन लोखंडी पाइप. त्यांना मधे जोडणारी, लालभडक रंगवलेली एक जाडजूड कडी आणि कडीच्या दोन अंगांना दोन नटबोल्ट. कडीच्या वरच्या बाजूला करवतीने कापून केलेली छोटी खिडकी. खिडकीतून डोकावलं की आत दोन पाइपांची तोंडं समोरासमोर दिसतात, आणि त्यांच्या मधे थोडी रिकामी जागा.

हे धूड गॅपकाकांनी स्टेजवर माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवलं तेव्हा नवरा हारासकट पुढे वाकला. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "बोरिंगचा पार्ट दिसतोय." काकांनी आहेर देणाऱ्यांची रांग हात करून थांबवली.

"दोघं आत बघा," ते म्हणाले.

आम्ही मुंडावळ्या सावरत त्या खिडकीत डोकावलो. फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला. आमच्या अल्बममध्ये तो मोठा करून लावलेला आहे. दोघांचीही तोंडं त्यात दिसत नाहीत.

"काय दिसतं?" काकांनी विचारलं.

"गॅप," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या हाताखालीच काम करत होते मी.

"शाब्बास. नवरा-बायकोत एवढा गॅप ठेवायचा. पाइप तापला की वाढतो. जागा नसंल तर वाकडा होतो, नायतर भिंत फोडतो." मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "तू कल्याणला नोकरीला, ही मुरबाडला. चांगलं हाय. जागा हाय." एवढं बोलून ते जेवायला गेले आणि पंगतीत दोन्ही बाजूंची एकेक खुर्ची रिकामी ठेवून बसले.

त्यांचं नाव कारखान्यात हजेरीपुरतं उरलं होतं. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना गॅपकाका म्हणायचे, आणि ते ओ द्यायचे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा आंब्याच्या आणि टोमॅटोच्या पल्पचा कारखाना. तिथे वाफ, गरम पाणी आणि हवा जिथे लागेल तिथे पोचवायचं काम आमच्या खात्याचं, म्हणजे सगळा कारभार पाइपांचा. काका त्या खात्याचे प्रमुख. मी डिप्लोमा करून तिथे लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला भर दुपारी उन्हात नेऊन गरम पाण्याच्या लाइनखाली उभं केलं.

"वर बघ. काय करते ती?"

"पाणी नेते," मी म्हणाले.

"ते सगळेच सांगतात. ती हालते. बघत राहा."

मी मान दुखेपर्यंत बघत राहिले. लाइन काही हलताना दिसेना. पण काकांनी लाइनखालच्या आधारावर सकाळी खडूने केलेली खूण पाइपावरच्या खुणेपासून सरकली होती, हे मात्र त्यांनी दाखवलं. लोखंड तापलं की लांब होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते माझ्या डोक्यावर, बसल्या जागी, रोज सकाळी लांब होतं आणि बंद झालं की पुन्हा आखूड होतं, हे पहिल्यांदा बघितलं. तेव्हापासून मला पाइपांबद्दल थोडा आदर वाटतो.

आमच्या कारखान्यात पाइपाला पाइप वेल्डिंगने चिकटवत नसत. प्रत्येक पाइपाच्या टोकाजवळ गोल खाच पाडायची, दोन टोकं समोरासमोर आणायची, वरून रबराची रिंग चढवायची आणि तिच्यावर दोन अर्ध्या कड्या बोल्टने आवळायच्या. कड्यांचे ओठ खाचांत बसतात, त्यामुळे पाइप निसटत नाही. पण आत त्याला थोडं मागेपुढे व्हायला, जरासं वळायला मुभा असते. ह्या कडीला म्हणायचं कपलिंग. दुसऱ्या जातीचं कपलिंगही मिळतं, जे पाइपाला अजिबात हलू देत नाही. ते काकांनी स्टोअरच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं होतं, आणि कुणी मागायला आलं तर ते त्याच्या तोंडाकडे दुःखाने बघत.

ह्या गॅपचा त्यांना नाद कधी लागला, ह्याची गोष्ट ते स्वतःच सांगायचे. तरुणपणी कुठल्याशा कारखान्यात त्यांनी वेल्डिंगची एक लांबलचक गरम लाइन केली होती. दिसायला इतकी देखणी की साहेबांनी पाठ थोपटली. वाफ सोडल्यावर त्या लाइनला जायला जागाच नव्हती. ती आधी फुगली, मग वाकली, आणि मग कोपऱ्यातली भिंत ढकलून बाहेर आली. "भिंतीपलीकडं कॅन्टीनवाला कांदा चिरत व्हता," काका सांगत. "त्याच्या पुढ्यातच पाइप आला. त्यानं मला जी शिवी दिली ना, ती मी गुरुमंत्र म्हणून घेतली."

मंत्र त्यांनी फक्त पाइपांपुरता ठेवला असता तर ते साधे हुशार फिटर म्हणून रिटायर झाले असते. पण काकांनी तो जगाला लावला. चहा दोन बोटं कमी भरून घेत. चपला एक नंबर मोठ्या, कारण पाय उन्हात वाढतो. शहापूरला त्यांचा फ्लॅट होता. तिथून रोज किन्हवलीमार्गे मोटारसायकलने येत आणि गाडी स्टँडवर न लावता दूर निंबाखाली एकटी उभी करत. खात्याच्या ग्रुप फोटोत आम्ही सगळे खांद्याला खांदा लावून, आणि कडेला एका माणसाची जागा सोडून काका. नवीन माणूस फोटो बघून विचारायचा, हे बाजूला उभे कोण?

बोलतानाही गॅप. वाक्य अर्ध्यात थांबवून ते असे गप्प होत की फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करून फोन ठेवून द्यायचा. काळुराम म्हणून आमचा जुना फिटर होता. तो म्हणायचा, "काकांना काय विचारायचं असंल तं जेवनाच्या सुट्टीआधी विचारा. उत्तर जेवून आल्यावर मिळंल."

आणि लग्नाचे आहेर. कारखान्यातल्या कुणाच्याही घरी लग्न असो, काका ते लाल कपलिंग घेऊन हजर. स्वतः रंगवायचे, स्वतः खिडकी कापायचे. शहापूर आणि मुरबाडमधल्या कितीतरी घरांत ते धूड आहे. कुठे दाराला अडसर म्हणून, कुठे लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर. माझा नवरा काही दिवस त्याने व्यायाम करायचा.

ह्या सगळ्याला आम्ही हसायचो, आणि काकाही हसायचे. एका गोष्टीला मात्र मला हसू येत नसे, ती म्हणजे त्यांचं स्वतःचं घर.

काकू धसईला राहायच्या. त्यांच्या माहेरी भाऊ नव्हता. मुलीचं लग्न झालं, त्याच सुमारास काकूंचे वडील आजारी पडले, म्हणून त्या शेत बघायला धसईला गेल्या आणि तिथेच राहिल्या. वडील गेले तरी राहिल्या. एसटी थांब्याजवळ ताडपत्री बांधून तांदूळ आणि भाजी विकायच्या. काका शहापूरला एकटे. दर रविवारी दुपारी मोटारसायकल घरी ठेवून ते एसटीने धसईला जात, चहा घेत, ताडपत्रीखाली थोडा वेळ बसत आणि चारच्या गाडीने परत फिरत. कॅन्टीनमध्ये ते अभिमानाने सांगायचे, "आमच्यात कधी भांडण नाय. का? तर गॅप."

माझी आई वाल, भेंडी घेऊन धसईच्या बाजाराला जायची, तशी कधीकधी मीही जायची. त्यामुळे काकू माझ्या ओळखीच्या. त्यांना एकदा मी हे सांगितलं.

"भांडन नाय ते खरं हाय गो," काकू म्हणाल्या. "बोलनंच नाय तं भांडन कुटून येल?" आणि गिऱ्हाइकाला मिरच्या मोजून दिल्या.

दसऱ्यानंतर काका रिटायर होणार होते. कॅन्टीनमध्ये सगळे विचारायचे, काका, मग आता धसईला का? काका म्हणायचे, "बघू." पण मला एकटीला गाठून विचारायचे, "बाय, तू गेली व्हतीस ना बाजाराला? ती काय बोलली?" धसईला गेलं की काकू विचारायच्या, "काय गो, तुझे काका पुढचं काय म्हनतात?" मी दोघांना सांगायची की सरळ एकमेकांना विचारा. दोघंही विषय बदलायचे. काकूंना वाटायचं, त्यांना यायचं असेल तर ते बोलतील. काकांना वाटायचं, तिला हवं असेल तर ती बोलावेल. आणि दसरा जवळ येत होता. तो माणूस शहापूरच्या फ्लॅटमध्ये एकटा दोन बोटं कमी चहा पीत म्हातारा होणार, ह्या विचाराने मला खरंच वाईट वाटायचं.

त्याच वर्षी कारखान्याने नवीन हॉल बांधला, गोठवलेल्या आंब्याच्या फोडींसाठी. त्याच्यासाठी थंड पाण्याची लाइन टाकायची होती. पाणी थंड करणाऱ्या चिलरमधून निघून सबंध शेडच्या कडेने हॉलमध्ये जाणारी. इतकी वर्षं आमच्या खात्याने फक्त तापणाऱ्या लाइनी केल्या होत्या. ही पहिलीच थंड.

मे महिन्यात काम सुरू झालं. मुरबाडचा मे. पत्र्यावर पाय ठेववत नव्हता, पाइप फडक्याने धरून उचलावे लागत. काका शिडीखाली उभे राहून प्रत्येक जोडाला ओरडत होते, "गॅप ठेव! काळुराम, पूर्ण गॅप!" आणि काळुराम पाइप साखळीने ओढून, आत जेवढा म्हणून गॅप मावेल तेवढा पूर्ण उघडून कड्या आवळत होता. आम्हा सगळ्यांच्या हाताला तीच सवय. कुणाच्या मनात वेगळं काही आलंसुद्धा नाही. दोन्ही टोकांना लाइन भिंतीतल्या ब्रॅकेटांनी पक्की धरली, की मधल्या मधे हलू दे पण टोकं जागची हलता कामा नयेत. सगळं नियमानुसार झालं. लाइन दिसत होतीही सुरेख.

चालू करायच्या दिवशी मॅनेजरनी नारळ फोडला, चिलरला हळदकुंकू लावलं. पाणी फिरू लागलं. थोड्या वेळाने पाइपांवर घाम आला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाळ्यात थंडगार पाइपाला हात लावायला रांग लागली. मग लाइन कण्हली. दुसरा शब्द नाही त्याला. चिलरजवळचा भिंतीतला ब्रॅकेट प्लास्टरसकट उपटून आला, आणि मागोमाग चिलरच्या जोडातून पाण्याचा फवारा निघाला तो थेट मॅनेजरच्या पांढऱ्या शर्टावर. मी धावत जाऊन पंप बंद केला.

सगळे काकांकडे बघायला लागले. काका शिडीवर चढले. पाइपावर तळहात ठेवला, मग एकेका जोडावरून हात फिरवला. 

खाली उतरून मॅनेजरसमोर ते म्हणाले, "माझं चुकलं. ह्या पोरांचं काय नाय."

मग त्यांनी आम्हाला समजावलं, आणि समजावताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. गरम लाइन वाढते, म्हणून तिला आधी गॅप मोकळा सोडायचा. ती वाढून तो भरते. थंड लाइन आखूड होते. तिला सुरुवातीला पाइपाला पाइप टेकवून बसवायचा, मग ती आकसली की गॅप आपोआप उघडतो. आम्ही तो आधीच पूर्ण उघडून ठेवला होता. लाइन आकसली तेव्हा जोड आणखी उघडायला जागाच उरली नव्हती, म्हणून तिने भिंत ओढली. "हे मला माहीत नव्हतं असं नाय," काका म्हणाले. "पन तोंडाला एकच सवय. गॅप ठेव, गॅप ठेव. लाइन कुठली, ते बघितलंच नाय."

मॅनेजर ओल्या शर्टाने इतकंच म्हणाले, की नीट करा. मला त्यांचं कौतुक वाटलं. काकांवर कुणी ओरडलं असतं तर मला सहन झालं नसतं.

लाइन रिकामी केली. प्रत्येक कपलिंगचे बोल्ट सैल करायचे, पाइप पुढच्या पाइपाला टेकेपर्यंत ढकलायचा, बोल्ट पुन्हा आवळायचे, असं करत आम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आलो. एकेका जोडातला गॅप म्हणजे किती? नखाएवढा. पण सगळे मिटवत शेवटच्या जोडापाशी पोचलो तेव्हा तिथे मोठी रिकामी जागा पडली होती. सगळे नखाएवढे गॅप सरकत सरकत एका जागी येऊन जमले होते. मी त्यात हात घातला. माझा तळवा आरामात आडवा मावला.

"आता इथे तुकडा घालावा लागेल," मी म्हणाले.

काका त्या जागेकडे बघत होते. "एकेका जोडाला दिसत नव्हतं गो," ते म्हणाले. मग, "रविवारी मी धसईवरून कंच्या गाडीनं परत येतो?"

"चारच्या," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात बाजूला करून त्या जागेत स्वतःचा हात घातला. काळुरामने मापाने तुकडा कापून आणला, आम्ही तो बसवला, ब्रॅकेट नव्याने भिंतीत पक्के केले. लाइन आजही व्यवस्थित चालू आहे.

पण काका व्यवस्थित राहिले नाहीत. त्यांना आता आपल्या आहेरांची काळजी लागली. इतक्या घरांत आपण गॅप पूर्ण उघडा ठेवून देऊन आलो, आणि कुठलं घर कसलं, हे विचारलंच नाही! संध्याकाळी काम सुटलं की पान्याची पिशवी मोटारसायकलला अडकवून ते निघायचे. जुन्या जोडप्यांच्या दारात उभे राहून विचारायचे, "तुमचं घर तापनारं हाय का निवनारं?"

लोकांना वाटायचं गॅस कंपनीचा माणूस आलाय. शहापूरला आमच्या पॅकिंग खात्यातल्या एका बाईने विचार करून सांगितलं, "सकाळी तापतं, रात्री निवतं." काका ओट्यावर बसून बराच वेळ विचार करत राहिले आणि शेवटी तिचा गॅप निम्मा करून गेले. एका घरी कपलिंगवर पापड वाळत घातले होते. ते पापड एकेक उचलून, बोल्ट फिरवून, पापड पुन्हा होते तसे लावून ते परत आले.

आमच्याही घरी आले. नवरा नुकताच कल्याणहून येऊन जेवायला बसला होता. काकांनी प्रश्न विचारला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या सकाळीच आमचं गिझरवरून जोरदार वाजलं होतं, आणि ते दोघांच्याही तोंडावर असावं.

"तापतंय," काका समाधानाने म्हणाले. "राहू दे तसंच." आणि पाना न काढताच गेले.

सगळी घरं झाली. पावसाळा सरत आला, दसरा तोंडावर आला. एक घर राहिलं होतं. कुठलं, ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. शेवटी एका शनिवारी ते माझ्या टेबलाशी आले.

"उद्या धसईला चलतीस का माझ्याबरोबर?"

"मी कशाला काका? तुमचं तुम्ही जा."

"नाय गो. मधी कुनीतरी पायजे."

हे गॅपकाका बोलले! मी लगेच हो म्हटलं.

सकाळच्या गाडीने आम्ही धसईला उतरलो. काकू ताडपत्रीखाली तांदळाच्या गोणीला टेकून बसल्या होत्या. समोर भेंडी, दुधी, काकडी. ताडपत्रीची एक कड दगडांनी दाबलेली होती आणि दुसरी कड एका लाल कपलिंगने. काकांनी आयुष्यात बनवलेलं पहिलं कपलिंग. ते त्यांनी काकूंनाच दिलं होतं. लाल रंग आता नावालाच होता.

"काय गो बाय, आईस बरी हाय ना?" काकू मला म्हणाल्या, आणि मग काकांना, "आज सकालीच? आन् हिला कशाला आनली?"

"काम हाय," काका म्हणाले आणि त्यांनी सरळ कपलिंग उचललं. ताडपत्री फडफडून वर उडाली. काकू ओरडल्या, मी ताडपत्रीवर झेप घेतली आणि तिची कड दोन्ही हातांनी दाबून बसले. पुढचं सगळं मी त्याच अवस्थेत बघितलं.

बोल्ट गंजले होते. काकांनी पिशवीतून रॉकेलची बाटली काढली, थेंब सोडले, पान्यावर दगडाने ठोकलं. भाजी घ्यायला आलेल्या बायका थांबून बघायला लागल्या. त्यातल्या एकीला काका समजावू लागले, की हे उलटं बसलंय.

"तिला काय सांगता?" काकू म्हणाल्या. "मला सांगा."

काका त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "अगो, मी उलटं बसवलं व्हतं."

"कदी?"

"पयल्यापासून. मला वाटलं आपली लाइन तापंल, म्हनून जागा सोडून ठेवली. ती तापली नाय. निवत गेली. निवनाऱ्या लायनीला पाइपाला पाइप टेकवून ठेवावा लागतो. नायतर मग ओढ बसते."

काकूंनी एका बाईला दुधी तोलून दिला. दुसरीला काकडी दिली. "एवढं कलायला इतकी वर्सं लागली?"

"कारखान्यात थंड पानी आत्ताच आलं," काका म्हणाले.

काकूंना हसू आलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. मला त्यांचं असं हसणं माहीतच नव्हतं. काकांनी तेवढ्यात पाइप पाइपाला टेकवले, बोल्ट आवळले आणि कपलिंग त्यांच्या पुढ्यात धरलं. काकूंनी खिडकीतून आत बघितलं, मग दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.

"अजून हालतंय हे."

"हालनारच. ते वेल्डिंग नाय."

"हालू दे," काकू म्हणाल्या. "घट्ट मला बी नको."

पुढे काका गप्प झाले. मी ताडपत्री दाबून मनातल्या मनात म्हणत होते, बोला काका, आता गॅप नको. ते बोलले.

"दसऱ्यानंतर मी रिटायर हाय. हितं येऊ का ऱ्हायला?"

काकूंनी ऐकलं की नाही, कळेना. त्यांनी समोरच्या बाईचा हिशोब केला, टोपली सारखी केली, आणि आम्हाला म्हणाल्या, "जेवून घ्या. घरात भाकऱ्या हायेत." आम्ही जेवलो. नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी.  काका दुपारभर ताडपत्रीखाली बसले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. इतक्या लांब येऊन, तोंड उघडून विचारूनही उत्तर न मिळालेला माणूस बघवत नाही.

चारची गाडी आली. कंडक्टर त्यांना दर रविवारी बघणारा. त्याने दारातूनच हाक मारली, "ओ काका, चला!"

काका सवयीने उठले. पिशवी खांद्याला लावली. मीही उठले, मला जायचंच होतं. तेवढ्यात काकू गोणीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात कंडक्टरला म्हणाल्या, "जा रे तू गाडी घेऊन. हिला ने. हे नाय येत."

"आज नाय?" कंडक्टर म्हणाला. "मग त्यांची ड्यूटी?"

"सकालच्या गाडीनं जातील," काकू म्हणाल्या, "आन् सांजच्या गाडीनं घरी येतील. बाकीची मानसं येतात तसे."